खेळाचा प्राण

परभणी जिल्ह्याची भूमी काळी आणि कसदार आहे. पावसाळ्यात ती पायांना चिकटते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्यामुळे गोदावरी आणि दुधना या नद्यांच्या काठच्या गावांत खेळासाठी जागा सिद्ध करणे हेच मोठे काम असते. मुरूम पसरावा, पाणी शिंपडावे, चोपून घट्ट करावे आणि मग चुन्याने रेषा आखाव्यात, तेव्हा कोठे मैदान तयार होते. एवढे श्रम करून हुतूतूचा डाव मांडावा आणि पहिला गडी बाद होताच दोन गावांच्या मुलांत वाद जुंपावा, असा प्रसंग पूर्वी सहज येई.

“आमच्याकडं गडी मेला की मेला. डाव संपेस्तोवर त्यानं बाहेरच बसायचं,” असे एका गावची मुले म्हणत.

“आणि आमच्याकडं तुमचा एक मेला की आमचा एक जिता होतो,” असे दुसऱ्या गावची मुले म्हणत.

दोन्ही बाजू खरेच बोलत असत. कारण हुतूतूचे प्रकारच निरनिराळे होते. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर राही. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडत नसे, केवळ गुण मोजला जाई. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला म्हणजे आपला एक गडी मैदानात परत येई. आजच्या कबड्डीचा पाया हा संजीवनी प्रकारच होय.

ही निवड विचार करण्याजोगी आहे. गामिनीत जो गडी आरंभीच बाद होई, त्याच्या वाट्याला उरलेला वेळ केवळ पाहण्याचे काम येई. अमरमध्ये कोणी बाहेर जात नसल्यामुळे बाद होण्याची धास्तीच राहत नसे. संजीवनीने चुकीला शिक्षा ठेवली, पण आशेचे दारही उघडे ठेवले. बाहेर बसलेला गडी आता आपल्या सोबत्याच्या प्रत्येक चढाईकडे डोळे लावून बसतो. कारण त्याचे परतणे त्या सोबत्याच्या पराक्रमावर अवलंबून असते. एका नियमाने साऱ्या संघाला एका सूत्रात बांधले. पुढे सर्वत्र एकच नियम झाल्यामुळे गावोगावचे, प्रांतोप्रांतीचे संघ परस्परांशी खेळू शकले आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले.

तथापि प्रत्येक बदल असा निर्भेळ लाभाचा असतो असे नाही. पूर्वी चढाईचे माप म्हणजे गड्याचा दम होता. ज्याची छाती भक्कम, तो अधिक वेळ शत्रूच्या अंगणात राही. आता चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे. त्यामुळे पंचाचे काम सोपे झाले आणि वेळेबद्दलची भांडणे मिटली; परंतु दीर्घ दमाचे मोल उणे झाले, हेही मान्य केले पाहिजे. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी स्पर्धेत आणखी एक नियम दिसतो. लागोपाठ दोन चढाया गुणावाचून गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे. नाही तर चढाई करणारा बाद होतो. आघाडी घेतलेल्या संघाने नुसता वेळ काढावा, ही खोड या नियमाने मोडली.

अशी खोड इतर देशांतील खेळांनाही जडली होती. 1950 साली अमेरिकेत बास्केटबॉलचा एक सामना 19 विरुद्ध 18 अशा गुणांनी संपला. कारण एका संघाने चेंडू नुसता जवळ धरून ठेवला. प्रेक्षक कंटाळले. तेव्हा 1954 साली तेथील व्यावसायिक संघांनी चेंडू हाती आल्यापासून 24 सेकंदांच्या आत तो टाकलाच पाहिजे, असा नियम केला आणि त्या खेळात पुन्हा चैतन्य आले.

खो-खोची कथा याहूनही बोधप्रद आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली या खेळाचे नियम बांधले. रूढ खेळात आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा धरली, की खांब ओलांडल्यावाचून मागे वळता येत नाही आणि बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडेही जाता येत नाही. पळणारा हातभर अंतरावरून निसटला, तरी त्याला पाहत राहावे लागते. मग त्याने काय करावे? पलीकडे तोंड करून बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ द्यावा आणि आपण त्याच्या जागी बसावे. मनुष्य एकटा अपुरा आहे, त्याला सोबत्याची गरज आहे, हे या खेळाचे मर्म त्या एका बंधनात साठवलेले आहे.

2022 साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत प्रत्येक संघात सात गडी खेळू लागले आणि त्यांतील एका गड्याला ‘वजीर’ ठरवून कोणत्याही दिशेने धावण्याची मोकळीक दिली गेली. खेळाचा वेग वाढला, रंगत वाढली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेली पहिली विश्वचषक स्पर्धाही सात गड्यांचीच होती. तीत प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला व पुरुष या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून विजेतेपद मिळवले. वजीर एकच आहे तोवर त्याची मोकळीक शोभून दिसते. पण तीच मोकळीक सर्वांना दिली तर? मग कोणालाच कोणाला खो देण्याची गरज उरणार नाही. जे उरेल ती केवळ शिवाशिवी होय.

गड्यांच्या संख्येचेही असेच आहे. ज्या लहान गावच्या शाळेत अठरा मुले जमणे कठीण, तेथे सातांचा संघ हे वरदान ठरते. जेथे मुलांची दाटी आहे, तेथे त्याच नियमामुळे प्रत्येक संघातील दोन मुले मैदानाबाहेर राहतात. नियम तोच; एका अंगणात तो खेळ घडवतो, दुसऱ्या अंगणात दोघांचा खेळ हिरावून घेतो.

म्हणून नियम बदलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. या खेळाचा प्राण कोणत्या नियमात आहे? आणि या बदलाने मैदानात येणारी मुले वाढतील की घटतील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने ओळखले, त्याने बाकीचे नियम खुशाल बदलावेत. मुरूम दरवर्षी नवा पसरावा लागतो, रेषा दरवर्षी नव्याने आखाव्या लागतात. पण त्या रेषांच्या आत ‘खो’ म्हणून पाठीवर पडणारी थाप तीच राहिली पाहिजे.

स्वाध्याय

1. गामिनी, अमर व संजीवनी या प्रकारांतील फरक सांगा.
2. ‘संजीवनीने आशेचे दार उघडे ठेवले’ असे लेखक का म्हणतो?
3. खो-खोचे मर्म कोणत्या बंधनात आहे? ते काढून टाकल्यास काय होईल?
4. तुमच्या गावी खेळल्या जाणाऱ्या एखाद्या खेळातील नियम घ्या. तो बदलल्यास खेळ सुधारेल की बिघडेल, ते दहा ओळींत लिहा.