सोमाली विद्यार्थ्यांना घर देताना

प्रश्न : कॉलेज रोडवरचा आमचा फ्लॅट दोन सोमाली विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचा आहे. सोसायटीतले काही जण नको म्हणतात. काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर द्या. आदर्श उपविधींनुसार सोसायटीला फक्त कळवावे लागते, पूर्वपरवानगी लागत नाही. पासपोर्ट, व्हिसा पाहून लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. मुले राहायला आली की २४ तासांत त्यांची माहिती ऑनलाइन भरणे तुमची जबाबदारी. व्हिसा १८० दिवसांहून अधिक असेल, तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करणे त्यांची. १९९१च्या यादवीनंतर सोमालियातले शिक्षण कोलमडले, म्हणून अनेक मुले बाहेर शिकतात. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. घरचे पैसे लांबले तर भाड्याला थोडी सवलत द्या. शेजाऱ्यांशी ओळख मात्र पहिल्याच आठवड्यात करून द्या.