कॅमेऱ्याची उंची

धारच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करावा, त्याच्या पोटात पारा तापवावा आणि आत बसलेल्या माणसाने आकाशात संचार करावा, असे वर्णन त्यात येते. यंत्राची घडण मात्र ग्रंथकाराने मुद्दाम गुप्त ठेवली आहे. असा पक्षी प्रत्यक्षात उडाल्याचा पुरावा नाही. पण विज्ञानकथेचे मर्म त्यात दिसते. एकच अशक्य गोष्ट गृहीत धरावी, तिची कळ उघड करू नये आणि भोवतालचे सारे नेहमीच्या जगातले ठेवावे.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' (१९८२) हा साहसपट याच वाटेने जातो. मेलिसा मॅथिसन यांच्या पटकथेत परग्रहावरून आलेला, चुकून मागे राहिलेला एक जीव आहे. सायकली उडविण्याची त्याची शक्ती कुठून येते, हे कोणी समजावून सांगत नाही. त्याला आसरा देणारे घर मात्र अगदी साधे आहे. वडील घर सोडून गेलेले, आई कामात गुंतलेली आणि तीन मुले आपल्याच विश्वात.

चित्रीकरणातील मुख्य युक्ती म्हणजे कॅमेऱ्याची उंची. तो बहुतेक वेळा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर राहतो. आईखेरीज मोठ्या माणसांचे चेहरे उत्तरार्धापर्यंत जवळजवळ दिसतच नाहीत. पाठलाग करणारा अधिकारी कमरेच्या किल्ल्यांच्या आवाजावरून ओळखू येतो. बालकलाकारांच्या भावना स्वाभाविकपणे वाढत जाव्यात म्हणून चित्रीकरणही बहुतांशी कथेच्या क्रमाने केले गेले.

आपणा डॉक्टरांना अंतर्मुख करणारा प्रसंग पुढे येतो. ई. टी.चे प्राण वाचविण्याची धडपड करणाऱ्या भूमिकांत दिग्दर्शकाने खरे डॉक्टर व परिचारिका घेतल्या. त्यांच्या हालचाली सराईत, बोलणे सफाईचे. चूक कोणाचीच नाही. तरीही शेजारच्या खाटेवरून पाहणाऱ्या एलियटला ते सारे भयंकर वाटते, आणि त्या क्षणी आपण प्रेक्षकही त्याच्याच बाजूचे असतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून हे दृश्य पाहताना मी अस्वस्थ झालो. तपासणीच्या टेबलावरून बाळाला आपण असेच दिसत असू काय? वरून झुकलेला मुखपट्टीचा चेहरा, थंड स्टेथोस्कोप आणि आईपासून वेगळे करणारे हात! निदान अचूक असले, तरी भीती खरीच असते.

उपाय महागडे नाहीत. आपण खाली बसावे. लहान मुलाला शक्यतो आईच्या मांडीवरच तपासावे. ते शांत असतानाच हृदय व छाती ऐकून घ्यावी; कान व घसा शेवटी पाहावा. जे करणार ते त्याला समजेल अशा शब्दांत आधी सांगावे, आणि दुखणार असेल तर 'दुखणार नाही' असे म्हणू नये.

कुशल दिग्दर्शकाने कॅमेरा खाली आणला, तेव्हा परका जीवही आपला वाटू लागला. आपण तर आपल्याच मुलांसमोर वाकायचे आहे.