एएनएमच्या पुढची पायरी : अधिपरिचारिका कसं व्हायचं?

आपल्या गटातली एखादी ताई, कुणाची सून, कुणाची लेक एएनएम झालेली असते. खासगी दवाखान्यात नाहीतर कंत्राटावर काम करते. पुढे शिकायचं म्हटलं की ती म्हणते, “आता वय गेलं. बारावीला सायन्सही नव्हतं.” या पाठात पाहू, की ही दोन्ही कारणं खरी आहेत का.

आधी फरक समजून घेऊ

एएनएम म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. हा कोर्स दोन वर्षांचा. उपकेंद्रातली आरोग्यसेविका ती हीच. लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, गृहभेटी ही तिची कामं.

जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी. हा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. तो पास करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली की ती नोंदणीकृत परिचारिका होते. सरकारी रुग्णालयात याच पदाला अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स म्हणतात.

कामातला फरक आपल्या जिल्ह्याइतका कुणाला कळणार? २०१७ च्या फवारणीच्या हंगामात विषबाधा झालेले कितीतरी शेतमजूर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती झाले होते. अशा काही विषबाधांत अॅट्रोपीनचं इंजेक्शन देतात. ते सुरू असताना रुग्णाची नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या, तोंडातली लाळ यांवर सतत नजर ठेवावी लागते. बिघाड लगेच ओळखून डॉक्टरांना सांगणं हे वॉर्डातल्या नर्सचं काम. जीएनएमची तीन वर्षं जातात ती हे शिकण्यात.

दार कुणासाठी उघडं आहे?

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत जीएनएमसाठी असं आहे :

• बारावी पास हवी, किमान ४० टक्के गुण, आणि इंग्रजी विषयातही ४० टक्के. कला शाखा चालते. सायन्स असलं तर चांगलंच.
• नोंदणी असलेली एएनएमही पात्र आहे.
• वय साधारणपणे १७ ते ३५. पण एएनएमसाठी वयाची अट नाही.

म्हणजे चाळिशीतल्या एएनएम ताईलाही हे दार बंद नाही. मात्र प्रवेशाची पद्धत आणि तारखा बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

जीएनएमनंतर आणखी एक पायरी आहे : पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, दोन वर्षांची पदवी. आपल्या राज्यात ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. त्यासाठी जीएनएमची नोंदणी आणि बारावी, दोन्ही लागतात. ज्या ताई जुन्या काळी दहावीवर एएनएम झाल्या, त्यांनी बारावी आधीच करून ठेवावी. या पदवीनंतर नर्सिंग शाळेत शिकवण्याची आणि पुढे एमएस्सीचीही वाट मिळते.

पैसे भरण्याआधी तपासा

इथे फार जणी फसतात, बरं का. “एका वर्षात नर्स व्हा” अशी पाटी दिसते. पेशंट केअर, नर्सिंग असिस्टंट अशी नावं असतात. अशा कोर्सने मदतनिसाचं काम मिळू शकतं, पण परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही आणि जीएनएमचं एक वर्षही कमी होत नाही. म्हणून संस्थेला तीन गोष्टी विचारा :

१. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता या वर्षासाठी आहे का? कागद दाखवा म्हणा.
२. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची आहे का?
३. वॉर्डातलं प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात होतं, तिथे खाटा किती?

“कॉलेजला यायची गरज नाही, घरी बसून जीएनएम” असं कुणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. वॉर्डातले तास भरल्याशिवाय हा डिप्लोमा मिळत नाही.

पैशाचा हिशेब

फी आपल्याला दिसते. बुडणारी मिळकत दिसत नाही. समजा एक ताई महिन्याला ८,००० रुपये कमावते. तीन वर्षं, म्हणजे ३६ महिने काम सुटलं तर २,८८,००० रुपये घरात येणार नाहीत. फी, वसतिगृह, प्रवास त्याच्यावर. हा आकडा घरच्यांसमोर आधीच मांडा.

गटाच्या कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो, आणि शिकणाऱ्या बाईची कमाई तीन वर्षांनी. म्हणून फीसाठी गटाचं कर्ज घेऊ नका. फॉर्म, दाखले, गणवेश, प्रवास एवढ्यापुरतं ते ठीक. फीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज पाहा. त्यात साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आणि परतफेड कोर्स संपून वर्षभराने सुरू होते.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीसाठी स्वयम् योजना आहे. आपण त्यांच्या अटींत बसतो का ते विचारा. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. प्रवेशाची वाट न पाहता आजच अर्ज करा. नोकरीत असलेल्या ताईंनी राजीनामा देण्याआधी अभ्यासासाठी रजा मिळते का, ते कार्यालयाला लेखी विचारावं.

इंग्रजीची भीती

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात, हे खरं. पण एएनएम ताईला निम्मे शब्द कामातून आधीच येतात : बीपी, सलाईन, डोस, डिलिव्हरी. रोज दहा नवे शब्द वहीत लिहा. आणि हे विसरू नका, की झरी-जामणीहून आलेल्या कोलाम आजीशी कोलामीत, पुसदच्या तांड्यावरच्या बाईशी गोरमाटीत बोलणारी नर्स वॉर्डात असली तर रुग्ण दुखणं मोकळेपणी सांगतो. ते कोणत्याच पुस्तकात शिकायला मिळत नाही.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. आपल्या ग्रामसंघात एएनएम झालेल्या किती जणी आहेत? यादी करा. कुणाची नोंदणी आहे, कुणाच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं, तेही लिहा.
२. एकीला पुढे शिकायचं असेल तर तिच्या घरचा तीन वर्षांचा हिशेब सगळ्या मिळून मांडा.
३. ती शिकायला गेली तर तिची लेकरं, तिची म्हातारी सासू कोण पाहील? आपल्यापैकी कोण काय करू शकते, ते नावासकट ठरवा.

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं, तर पहिल्या दोन्हींचा उपयोग होईल. नाहीतर यादी वहीतच राहील.