कोलाजचा व्यवसाय : कल्पना घरातच आहेत, पण मूळ वस्तूला गोंद लावू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण आठवणींचं कोलाज करून पाहिलं. व्हिडिओत मापं आणि हिशेब भरभर निघून जातात, म्हणून ते इथे सविस्तर देते. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. एका ताईंनी आईच्या एकसष्टीसाठी कोलाज करायला दिलं होतं. पिशवीत लग्नपत्रिका, जुन्या साडीच्या काठाचा तुकडा, दोन काचेच्या बांगड्या आणि आजीच्या हातची लोणच्याची कृती लिहिलेला वहीचा कागद होता. तो कागद मी सरळ फेव्हिकॉल लावून चिकटवला. लिहिलेलं होतं शाईच्या पेनाने. दहा मिनिटांत अक्षरं फुटली. मी पैसे परत केले, हात जोडून माफी मागितली. ताई काही बोलल्या नाहीत, पण आजीचं अक्षर काही परत आलं नाही.

त्या दिवशी कळलं, की गिऱ्हाईक आपल्याकडे कागद-कात्रीचं काम घेऊन येत नाही. ते घरातली आठवण आपल्या हवाली करतं. आजचा सगळा धडा या एका गोष्टीवर उभा आहे.

कल्पना कुठून आणायची?

‘कोलाज’ हा शब्द चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. १९१२ मध्ये पिकासोने एका चित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकटीऐवजी दोरी लावली. जर्मनीत कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, वेष्टनं, फाटक्या जाहिराती गोळा करायचा. आपल्याकडे शांतिनिकेतनच्या बिनोद बिहारी मुखर्जींची १९५७ मध्ये दृष्टी गेली, तरी त्यांनी कागद कापून चित्रं करणं चालू ठेवलं. यातल्या कोणाचंही साहित्य महाग नव्हतं.

तुमच्या घरात बघा. कॅलेंडरची पानं, उदबत्तीचे पुडे, शिंप्याकडच्या चिंध्या, किराण्याची यादी. गिऱ्हाइकाशी बोलताना “तुम्हाला काय आवडतं?” असं विचारू नका, उत्तर येतच नाही. “घरात कोणती वस्तू टाकून द्यायला कोणी तयार होत नाही?” असं विचारा. तिथून गोष्ट सुरू होते आणि कोलाजचा विषयही तिथेच सापडतो.

एक सावधगिरी. विकायच्या कामात सिनेनटांचे फोटो, मासिकांतली छायाचित्रं, कंपन्यांची बोधचिन्हं वापरू नका. त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात. गिऱ्हाइकाच्या घरातलंच साहित्य वापरा, कामही वेगळं दिसतं.

वस्तू हातात आल्यावर

१. गिऱ्हाइकासमोरच प्रत्येक वस्तूचा फोटो काढा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या.

२. कागद असेल तर आधी स्कॅन करा. चिकटवायची ती प्रत, मूळ कागद परत द्यायचा. प्रत लेझर प्रिंटची घ्या, इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरू शकते.

३. मशीनवर छापलेली तिकिटं आणि पावत्या बहुतेक थर्मल कागदाच्या असतात. त्यांची अक्षरं काही काळाने पुसट होतात आणि उष्णता लागली की कागद काळा पडतो. त्यामुळे त्यांना इस्त्री नको, गरम लॅमिनेशनही नको.

४. वर्तमानपत्राचा कागद उन्हात पिवळा पडतो. कात्रण हवंच असेल तर चांगल्या कागदावर प्रत काढा.

५. कापड किंवा बांगडी अशी मूळ वस्तूच लावायची असेल, तर स्पष्ट परवानगी घ्या. “ही वस्तू आता सुटी परत मिळणार नाही” हे तोंडाने सांगा आणि यादीतही लिहा.

मांडणी आणि चिकटवणं

आधी गोंदाची बाटली लांब ठेवा! सगळे तुकडे बोर्डावर कोरडेच मांडा. एक मोठी वस्तू, दोन-तीन मध्यम, बाकी बारीक. मोठी वस्तू बरोबर मध्यभागी न ठेवता थोडी बाजूला ठेवा. थोडी जागा मोकळी सोडा, नाहीतर नजर कुठेच ठरत नाही. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. सगळं एकसारखं राखाडी दिसलं, तर गडद-फिक्याचा तोल बिघडलाय असं समजा.

बोर्ड जाड घ्या. पातळ कार्डशीट गोंदाच्या ओलाव्याने वाकते. कागदाला गोंदाचा पातळ थर द्या, मधून कडेकडे हात फिरवून हवा काढा, वर बटर पेपर ठेवा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. काचेला पांढरा गोंद टिकत नाही, तिथे दोन ट्यूब मिसळून लावायचा एपॉक्सी गोंद वापरा. बांगडी असेल तर खोल फ्रेम लागेल, ते आधीच मोजा.

आता हिशेब

“साहित्य तर घरचंच आहे, मग पैसे कशाचे?” हा प्रश्न येणारच. हे उदाहरण बघा. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला.

- फ्रेम आणि बोर्ड : ₹३५०
- प्रिंट, गोंद, इतर : ₹१००
- सहा तासांचं काम, तासाला ₹१२० : ₹७२०
- पॅकिंग आणि पोहोच : ₹८०
- एकूण खर्च : ₹१,२५०
- २० टक्के नफा : ₹२५०
- विक्री किंमत : ₹१,५००

सहा तासांत पहिला तास गप्पांचा आहे, तोही धरा. आपल्या बऱ्याच मैत्रिणी तो सोडतात, कधी स्वतःची मजुरीच सोडतात आणि मग “धंद्यात काही उरत नाही” म्हणतात. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. मांडणीचा फोटो पाठवून होकार आला, की मगच गोंदाची बाटली उघडा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक रिकामं पाकीट घ्या. सात दिवस रोज घरातली एक टाकाऊ वस्तू त्यात टाका आणि ती का उचलली ते मागे एका ओळीत लिहा. आठव्या दिवशी वहीच्या पानाएवढं कोलाज करा आणि लागलेला वेळ घड्याळ लावून मोजा. तो आकडा तुमच्या पहिल्या दरपत्रकाचा पाया असेल.

आणि हो, पाकिटात कोणाच्या हातचं अक्षर आलं, तर आधी स्कॅन!

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कामाला लागा!