मोडीत काढलेले संगणक

'मोडी' हा शब्द कानावर पडला की आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांना लिपी आठवते. महाविद्यालयाच्या कार्यालयात मात्र 'मोडीत' म्हणजे भंगारात. 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मराठी विभागाचे सहा संगणक असेच मोडीत निघाले. डेडस्टॉक रजिस्टरात त्यांच्यापुढे 'निर्लेखित' असा शेरा पडला आणि ती यंत्रे जिन्याखाली येऊन विसावली. विभागातून निवृत्त झालेले आमचे एक सर सहज ग्रंथालयात आले आणि म्हणाले, "अरे, खिडकीजवळचा संगणक कुठे गेला? माझ्या ओव्या त्यात आहेत." गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या बायांच्या तोंडून त्यांनी वर्षानुवर्षे उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या! भंगारवाला सोमवारी येणार होता. तो दिवस शुक्रवारचा.

पुढच्या धावपळीत मी जे शिकलो ते येथे मांडत आहे. मी कलाशाखेचा विद्यार्थी. माझे सारे ज्ञान आमच्या गल्लीत दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या काकांच्या हाताखाली मिळालेले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

संगणक जुना होतो म्हणजे नेमके काय होते? काकांनी पहिल्याच दिवशी माझा एक गैरसमज दूर केला. आतल्या चिपा सहसा झिजत नाहीत. झिजतो तो फिरणारा भाग, म्हणजे पंखा आणि हार्ड डिस्क. आणि आटते ते रसायन, म्हणजे घड्याळाचा सेल, कपॅसिटर आणि प्रोसेसरवर लावलेला उष्णतावाहक लेप. बाकीचे म्हातारपण बाहेरून लादलेले असते. विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आमची यंत्रे 2012 सालची, तिसऱ्या पिढीची. चालत्याबोलत्या माणसाला वय विचारून दारातून परत पाठवावे, तसा हा प्रकार!

खिडकीजवळचे यंत्र सुरू करताच 'कट् कट्' असा आवाज आला. काकांनी तत्काळ बटण बंद केले. असा आवाज करणारी डिस्क पुनःपुन्हा चालू करून पाहणे हाच तिचा खून, असे ते म्हणाले. आत लेखणी चकतीला न टेकता तिच्यावरून तरंगत असते. ती अडखळू लागली की प्रत्येक प्रयत्नाला काहीतरी कायमचे जाऊ शकते. डिस्क काढून दुकानातील यंत्राला जोडली, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. त्याची रीत मला फार आवडली. तो आधी सुखरूप भाग भराभर उतरवून घेतो, अडेल तेथे न थांबता पुढे जातो आणि मग शेवटी वाईट जागांकडे परत वळतो. परीक्षेत प्रश्नपत्रिका सोडविण्याचीही हीच रीत! हे काम दोन रात्री चालले.

सोमवारी भंगारवाल्याला परत पाठवावे यासाठी प्राचार्यांना भेटलो. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली.

उरलेल्या यंत्रांकडे वळलो. एक नुसते 'बीप बीप' करी, पडद्यावर काही येईना. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोके साध्या खोडरबराने पुसली आणि ते चालू झाले. दुसऱ्यात इंटरनेटची बहुतेक पाने उघडत नव्हती. कारण गमतीदार निघाले. आतला तीन व्होल्टचा, नाण्याएवढा सीआर 2032 सेल संपला होता. त्यामुळे वीज गेली की तारीख मागे जाई, आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्या तारखेला लागू नसल्याने ब्राउझर ती नाकारी. सेल बदलताच आजार गेला. खिडकीजवळच्या यंत्राच्या पंख्यात मात्र धुळीची गादीच बसली होती. ती काढून प्रोसेसरवर नवा लेप लावला. उरलेल्या तिघांपैकी एकाच्या बोर्डावरचे कपॅसिटर माथ्याला फुगलेले, दुसरे विजेच्या लोटात जळालेले आणि तिसऱ्यात उंदरांनी संसार थाटलेला. त्यांच्या दोन-दोन जीबीच्या रॅमच्या पट्ट्या काढून चांगल्या तिघांत घातल्या. प्रत्येकी चार जीबी झाली. (एक सूचना: वीजपुरवठ्याची पेटी मात्र कोणी उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात विद्युतभार शिल्लक असू शकतो.) जुन्या डिस्कच्या जागी फिरता भाग नसलेल्या एसएसडी बसविल्या आणि लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती चढविली. इन्स्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहेच. सुरू व्हायला पूर्वी चहा पिऊन येईपर्यंत वेळ लागे, तो आता मिनिटावर आला.

इतक्या खटाटोपाने वाचले काय, असे एका मित्राने विचारले. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाचा 2004 सालचा एक अभ्यास सांगतो की, त्या काळच्या जाड पडद्यासह एक संगणक बनविण्यास किमान 240 किलो खनिज इंधन, 22 किलो रसायने आणि दीड टन पाणी खर्च होई. आणि 2022 साली जगात जे सुमारे 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला, त्याचा चौथा हिस्साही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. आमची तीन मृत यंत्रे, डिस्कवरची माहिती पुसून, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे दिली. नुसते डिलीट करणे म्हणजे पुसणे नव्हे. त्यावर नवे लिहावे लागते.

आता ओव्यांकडे येतो. फायली तर मिळाल्या. पण उघडल्यावर दिसले ते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे. त्या जुन्या फॉन्टात टंकलेल्या होत्या. यंत्रात साठे ते इंग्रजी अक्षराचे सांकेतिक मूल्य, आणि फॉन्ट त्याच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून स्वतःची मूल्ये आहेत, म्हणून रूपांतर केले. पण तेही सरळ होईना. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकत, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. रफार, जोडाक्षरे यांची तर दाणादाण उडाली होती. शिवाय बायांच्या बोलीतले शब्द कुठल्याच शब्दतपासणीला ठाऊक नाहीत. तेव्हा आम्ही पाच जण ओळीने बसून हाताने शुद्ध करू लागलो. सर शेजारी बसून म्हणत, "तिथे 'वाणी' नको, ती बाई 'वानी' म्हणायची. तसेच ठेव."

तीन यंत्रांपैकी एक ग्रंथालयात पुस्तके शोधण्यासाठी आहे, दुसरे वसतिगृहात, जिथे मुले शिष्यवृत्तीचे अर्ज आजवर मोबाईलवर भरीत, आणि खिडकीजवळचे पुन्हा खिडकीजवळ. चित्रफितींचे संपादन त्यांच्यावर होत नाही; ती अपेक्षाही नाही.

एकूण 43 फायलींपैकी 41 उघडल्या. उरलेल्या दोन डिस्कच्या खराब भागात गेल्या. त्यांची नावे शिल्लक आहेत: एकीवर एका गावाचे नाव आहे, दुसरीवर नुसते 'आजी'. सरांना ते गाव आठवते. तिथे गाणारी बाई 2019 साली वारली, पण तिची सून आहे. येत्या मे महिन्यात आम्ही तिला भेटायला जाणार आहोत. दुसरी फाईल कोणाची, हे सरांनाही सांगता आले नाही.