तबकड्यांवरची बुरशी आणि मशीनचं द्रावण

प्रश्न : वडिलांच्या नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेत. पाणी ओढून घेणारं धुण्याचं मशीन आणलं आहे. द्रावण किती आणि कसं लावावं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी तबकड्या वेगळ्या करा. 78 फेऱ्यांच्या जड, ठिसूळ तबकड्या लाखेच्या असतात. अल्कोहोल लागलं की लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. भारतात अशा तबकड्या 1960च्या दशकातही निघत होत्या, तेव्हा वयावरून नव्हे, फेऱ्यांचा आकडा वाचूनच ठरवा. बाजारातली बरीच तयार द्रावणं अल्कोहोलयुक्त असतात, ती लाखेच्या तबकड्यांना लावू नका.

विनाइलच्या एलपीवरची बुरशी आधी कोरड्या मऊ ब्रशने, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून झाडा. मग तबकडी फिरती ठेवून एका बाजूला तीन-चार मिलिलिटर द्रावण सोडा. मधलं लेबल कोरडंच राहू द्या. ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवा, आडवा कधीच नाही. लोक घाई करतात ती इथेच: द्रावणाला एक-दोन मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका, वाळलं तर सुटलेला मळ पुन्हा खाचेत बसतो. दोन फेऱ्यांत ओढून घ्या. जास्त ओढलं तर स्थिर वीज तयार होते आणि धूळ चिकटते. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा एक हात द्या. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत राहतात.

धुतलेली तबकडी जुन्या बुरशीच्या पाकिटात परत घालू नका. आणि हे काम पावसाळ्यापूर्वीच उरका.