घरच्या कारखान्यातील मोटार

गाडीचा वेग वाढविण्यास मोठे इंजिनच हवे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती पुरती खरी नव्हे. अमेरिकेतील हौशी लोक फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' मोटारीचा (१९०८ ते १९२७) वरचा अवजड सांगाडा घरीच उतरवीत व दोन ठेंगण्या बैठका बसवीत. अशा गाडीस 'स्पीडस्टर' म्हणत. इंजिन तेच, २० अश्वशक्तीचे. परंतु ओझे उतरल्याने गाडी चपळ होई. ब्रेक मात्र जुनेच, आणि त्यांचा जोर केवळ मागील चाकांवर! वेग दुप्पट झाला की थांबण्यास अंतर सुमारे चौपट लागते, हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. घरी गाडी बांधणाराने रंगरंगोटीपूर्वी ब्रेक पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या महाराष्ट्रात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर सारी मोटारच नव्याने योजिली. १९४५ मध्ये त्यांनी काम आरंभिले व १९४९ मध्ये 'मीरा' गाडीचा दोन आसनी पहिला नमुना सिद्ध केला. धक्के सोसण्यास पोलादी कमानींऐवजी त्यांनी रबर योजिले. त्यामुळे हलणारे भाग कमी झाले. ही युक्ती आम्हांस फार मोलाची वाटते. पुढे त्यांनी आणखी सुधारलेले नमुने केले. परंतु 'मीरा' बाजारात विक्रीस कधीच आली नाही.